बुधी पडली

"नाव काय गं तुझं?"

पुण्याहून पाहुण्या आलेल्या बाईंनी विचारलं. त्या ओटीवर बसल्या होत्या. मी खाली अंगणात वाळत घातलेल्या सुपाऱ्या हातानं परतत होते. नाव विचारलं की मला तेव्हा बरं वाटायचं. मी उठले, हात परकराला पुसले आणि म्हटलं, "भागीरथी."

मग आण्णा हसले. आण्णा म्हणजे बागेचे मालक. ते हसले म्हणून बाकीचे हसले. फक्त त्यांची सून हसली नाही. तिला आम्ही वहिनी म्हणायचो. तिनं पदर तोंडाला लावला आणि मान फिरवली. मी काहीतरी घाण बोलले असावे, तशी.

"हिचं नाव बुधी," आण्णा पाहुणीला म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "सांग, बुधी म्हणून."

बागेत जायला लागून मला चारच दिवस झाले होते. तोवर मला 'ए पोरी' म्हणत. मला वाटलं, आण्णांना चुकीचं ठाऊक आहे. मी म्हटलं, "न्हाय. भागीरथी."

तेव्हा मोठ्या काकू, म्हणजे आण्णांच्या पत्नी, आत गेल्या आणि मुठीत गूळखोबरं घेऊन आल्या. ओटीच्या कडेला उभ्या राहिल्या. मी खाली ओंजळ धरली. त्यांची मूठ माझ्या ओंजळीपासून हातभर वर होती.

"तीन वेळा म्हण माझं नाव बुधी, आणि घे."

मी म्हटलं. तीन वेळा. तिसऱ्या वेळी मूठ उघडली. एक खोबऱ्याचा तुकडा खाली सुपाऱ्यांत पडला. मी तो शोधला, फुंकर मारली आणि तोही खाल्ला.

"आधीचीही बुधीच होती," आण्णा पाहुणीला सांगत होते. "बुधवारी आली होती कामाला."

मी आठ वर्षांची होते. खोबरं गोड लागलं होतं. हे लिहिल्याशिवाय पुढचं लिहिता येत नाही.

त्या घरात हे का करत होते, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. आमच्या वाडीतली एक म्हातारी बागेत सुपाऱ्या सोलायला असायची. तिनं सांगितलं. मोठ्या काकूंचं नाव भागीरथी. सुनेनं सासूचं नाव तोंडातून काढायचं नाही. मग वहिनी मला हाक कशी मारणार? म्हणून माझं नाव बदललं. एवढंच.

मला ते पटलं. आमच्यातही हाच रिवाज. माझी आई बापाचं नाव घेत नाही, 'भागीचा बाप' म्हणते. पण पुढे मोठी झाल्यावर मी पाहिलं, आमच्या वाडीत नावाला नाव आलं तर जिला उच्चारायची बंदी तीच काहीतरी वाट काढायची. 'वरल्या घरची' म्हणायची, नाहीतर 'तान्याची आई' म्हणायची. ज्याचं नाव त्याच्याकडेच राहायचं. बागेच्या घरात तसं नव्हतं. अडचण वहिनीची, आणि नाव सोडायचं आम्ही.

खरं तर भागीरथी हे नाव आमच्या भागात काही मोठं नवलाचं नव्हतं. श्रीवर्धनपासून वर, खाडीपर्यंत, कुठल्याही वाडीत हाक मारा, दोन भागी बाहेर येतील. आमच्या एका वाडीत चौघी होत्या. सुपाऱ्या सोलणारी म्हातारी त्यातलीच एक. तिचं घर वाडीतल्या विहिरीजवळ होतं म्हणून तिला विहिरीवरली भागी म्हणत. बागेत मात्र तिला 'सोमी' म्हणत.

इतक्या भागी का, तर त्याला कारण होतं. आण्णांचे वडील काशीला जाऊन आले होते. तांब्याच्या गडूत गंगा आणली होती. मावंदं घातलं, सगळ्या गावाला जेवण दिलं. आमच्या लोकांना मागच्या अंगणात बसवलं, पण जेवण दिलं. त्या गडूतलं थेंब थेंब पाणी वाटलं. ते पाणी आमच्या वाडीपर्यंत आलं की नाही यावर अजून वाद आहे. पण त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी जितक्या मुली झाल्या, त्यांची नावं गंगा नाहीतर भागीरथी. ब्राह्मणआळीत तसं, कुणबीवाडीत तसं. विहिरीवरलीसारख्या म्हाताऱ्यांची नावं त्याही आधीची. म्हणजे नाव जुनंच होतं, त्या वर्षी त्याला पूर आला. पाणी नाही मिळालं तरी नाव तर घेता येतं, असं लोकांना वाटलं असणार.

गूळखोबरं खाल्लं त्या दिवशी संध्याकाळी मी घरी आले. आई चुलीपाशी होती. तिनं मला एक विचारलं. दुसरं काही नाही, काय काम दिलं, काय खायला दिलं, काही नाही.

"तिथं तुला काय म्हनतान गो?"

मी म्हटलं, "भागी."

आईनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग तिचे खांदे खाली आले. तिनं मला भाकरी वाढली.

मी खोटं का बोलले ते मला सांगता येणार नाही. गूळखोबरं खाल्लं होतं म्हणून असेल. लाज वाटली म्हणून असेल. आठ वर्षांच्या मुलीला एवढं कळतं की आपलं काहीतरी घेतलं गेलं आणि आपण ते हात पसरून दिलं.

आई स्वतः बागेत पाऊल टाकत नसे. बाप श्रीवर्धनच्या बंदरावर गलबतं भरायला जायचा. खोती गेल्याचं तो तिकडून ऐकून आला होता. पण सुपारीच्या दिवसांत कुळाच्या घरटी एक माणूस बागेत पाठवायचं, हे काही कुणी मोडलं नव्हतं. आई जाणार नाही म्हणून मला जावं लागलं. पाठवताना तिनं एकच बजावलं होतं. बागेतल्या विहिरीकडे जायचं नाही. रहाट थांबलेला असला तर त्या बाजूला बघायचंसुद्धा नाही.

का, ते तिनं मला दोन वर्षांनी सांगितलं. कार्तिकात आम्ही डोंगरावर गवत कापायला गेलो होतो. भर दुपार. खाली बाग दिसत होती, पलीकडे समुद्र. रहाटाचा आवाज वरपर्यंत येत होता. तो थांबला. आईचा हात थांबला. ती खाली बसली आणि बोलायला लागली. माझ्याशी नाही, गवताशी बोलावं तसं.

माझ्याआधी तिला एक मुलगी होती. गंगेच्या वर्षी झालेली. भागीरथी. तिच्या पाठची दोन बाळं राहिली नाहीत, ही राहिली. चौदा वर्षांची झाली. बागेत कामाला जायची, सुपारीला पाणी फिरवायची. अशाच एका दुपारी ती रहाटावरून विहिरीत पडली.

आई तेव्हा याच डोंगरावर गवत कापत होती.

"खालून आरडा आला," आई म्हणाली. "बुधी पडली वो, बुधी पडली. मानसां धावताना दिसली. मला वाटला, कुनी कातकरीन असंल. म्या गवत कापीत ऱ्हायली."

तिनं दोन भारे बांधले. एक शेजारणीच्या डोक्यावर दिला, एक आपण घेतला. सावकाश उतरली. विहिरीपाशी गर्दी होती म्हणून बघायला थांबली. गोणपाटाखालून लुगड्याचा काठ बाहेर आला होता. ते लुगडं तिचंच होतं. तिनंच अर्धं फाडून मुलीला दिलं होतं.

डोक्यावरचा भारा तिनं तेव्हाही टाकला नाही. कुणीतरी तो उतरवून घेतला.

मुलीनं दोन वर्षांत घरी कधी सांगितलं नव्हतं की तिथं तिला बुधी म्हणतात. आईनं विचारलं नव्हतं आणि तिनं सांगितलं नव्हतं. तिलाही कुणी गूळखोबरं दिलं होतं का, मला ठाऊक नाही. मला रोज वाटतं की दिलं असेल.

आणि कातकरीण असेल म्हणून गवत कापत राहिली, हे आई दर वेळी सांगते, गाळत नाही. एकदा मी म्हटलं, राहू दे ते. तर म्हणाली, "का ऱ्हाऊ दे? तीबी कुनाची पोरच असती."

मग मी झाले. दोन वर्षांनी. झाल्यापासून रडायला लागले ते थांबेना. आमच्याकडे असं मूल रडलं तर समजतात की घरातलं कुणी गेलेलं माणूस परत आलंय आणि त्याला त्याचं नाव हवंय. भगताला बोलावतात. काशाच्या वाटीत पाणी घेतात. तांदळाचा एक दाणा मुलाचा म्हणून पाण्यावर अलगद सोडतात. मग एकेका गेलेल्या माणसाचं नाव घेऊन दुसरा दाणा सोडतात. दोन दाणे तरंगत जवळ आले की ते माणूस आलं. तेच नाव ठेवायचं.

भगतानं आजोबाचं नाव घेतलं, दाणा बुडाला. आजीचं घेतलं, बुडाला. मग तो म्हणाला, "बुधी." दाणा बुडाला.

आई बाजेवरून ओरडली, भागीरथी म्हण. त्यानं म्हटलं. दाणे चिकटले. मी गप्प झाले.

दाणा का बुडतो आणि का तरंगतो, हे आता मी कॉलेजात शिकले आहे. पण आईला ते सांगायची माझी छाती झालेली नाही.

हे सगळं सांगून झाल्यावर तिनं माझ्या केसांतून हात फिरवला आणि विचारलं, "तवा पानी लय गार व्हतं का गो?"

मी काय सांगणार होते? दहा वर्षांची होते. दुपारचं ऊन होतं आणि माझ्या अंगावर काटा आला होता. मी म्हटलं, "व्हय."

हे माझं दुसरं खोटं. पण तेव्हापासून मला खात्रीनं सांगता येत नाही की ते खोटंच होतं. आजही दुपारी कुठे एकटी असले आणि सगळे आवाज एकदम थांबले, की मला पायाखाली ओल जाणवते. कॉलेजच्या वाचनालयातसुद्धा. मी पुस्तक मिटते आणि माणसांत जाऊन बसते.

आणि तेव्हाच मला पहिल्या खोट्याचा अर्थ कळला. आई मला तो प्रश्न का विचारत होती ते कळलं. तिला जे जाणून घ्यायचं होतं तेच मी लपवलं होतं, अगदी माझ्या बहिणीसारखं. आता सांगावं असं वाटलं. पण मी विळा उचलला आणि गवत कापायला लागले.

शाळेतही तोपर्यंत मी बुधीच झाले होते. चौथीपर्यंतची शाळा गावात. मास्तर बागेच्या घरी जेवायला असायचे. पटावर नावं घालायला ते वाडीत आलेच नाहीत, तिथंच ओटीवर बसून कुणाच्या घरात किती मुलं ते विचारून घेतलं. वहिनीनं सांगितलं, बुधी. हजेरीला पहिले तीन दिवस मी गप्प बसले. मला वाटलं दुसरी कुणी आहे. चौथ्या दिवशी मास्तरांनी हातावर छडी दिली आणि विचारलं, कान फुटलेत का?

पाचव्या दिवशी मी "हजर" म्हटलं. मग अकरा वर्षं म्हणत राहिले.

हायस्कूल चार मैल. आण्णांचा नातू माझ्याच वर्गात होता. आठवीत एकदा मराठीच्या सरांनी नावांचे अर्थ सांगायचा तास घेतला. सर चांगले शिकवायचे. ते मुद्दाम वाईट वागले असं मी म्हणणार नाही. त्यांनी एकेकाला उठवलं. वसंत म्हणजे काय, सुमन म्हणजे काय, माधव म्हणजे कुणाचं नाव. मुलं फुगत होती. माझ्यापाशी आले. मी उभी राहिले.

"बुधी," सर म्हणाले. "याला अर्थ असा नाही. वार आहे तो. बस."

वर्ग हसला. मी बसले. मग आण्णांचा नातू म्हणाला, सर, माझ्या आजीचं नाव भागीरथी आहे. सर खुलले. सगराचे साठ हजार मुलगे जळून राख झाले. त्यांना सोडवायला पाणी नव्हतं. कित्येक पिढ्यांनी भगीरथानं तप केलं आणि गंगेला खाली आणलं. ती राखेवरून वाहिली आणि ते सुटले. म्हणून ती भागीरथी. सर सांगत होते, नातू माझ्याकडे बघत होता. त्याला ठाऊक होतं. लहानपणी त्यानंच मला अंगणात नावावरून चिडवलं होतं.

मी माझ्या नावाचा अर्थ असा ऐकला. दुसऱ्याला सांगितलेला. मान खाली घालून, दौतीकडे बघत. मेलेल्यांसाठी जिला यावं लागलं ती. मला वाटलं, सरांना कुणी सांगितलं माझं?

अकरावीत एस.एस.सी.चे फॉर्म आले. हेडमास्तरांनी सांगितलं, शाळेच्या पटावर जे नाव तेच लिहा. प्रमाणपत्रावर तेच येईल, आणि ते जन्मभर राहील. मी फॉर्म पुढ्यात घेतला आणि लिहू शकले नाही. बाकीच्यांचे झाले. शिपाई माझ्या बाकापाशी उभा राहिला. मी फॉर्म घडी करून पोलक्यात घातला आणि घरी आले.

त्या दिवशी मी आईला सांगितलं. अकरा वर्षांनी. गूळखोबऱ्यापासून सगळं.

मला वाटलं होतं ती रडेल, मारेल. ती चुलीपुढून उठली नाही. लाकूड आत सारलं. मग म्हणाली,

"म्हंजे तू पडली असतीस, तरी म्या गवत कापीत ऱ्हायली असती."

एवढंच. त्या वाक्यानं माझ्यात काय झालं ते मला नीट मांडता येत नाही. अपमान मला आधीही कळत होता. पण तो माझ्यापुरता आहे, गिळला की संपतो, असं मी धरून चालले होते. तो गिळून संपत नव्हता. माझी आई पुन्हा एकदा डोंगरावर बहिरी होऊन उभी राहणार होती, आणि तिला बहिरी करण्यात माझा हात होता.

हेडमास्तर म्हणाले, नाव बदलता येईल. बापाचा अर्ज हवा आणि गावातल्या प्रतिष्ठित माणसाचं पत्र. आमच्या गावात प्रतिष्ठित म्हणजे कोण, हे त्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी मला आठ दिवस दिले.

मी आण्णांकडे गेले. अंगणात उभी राहिले. आण्णा झोपाळ्यावर होते, आता म्हातारे झालेले. माझं सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत. मला वाटतं, रागावले असते तर सोपं गेलं असतं.

"शिकतेस ते चांगलं आहे," ते म्हणाले. "पत्र देतो. पण भागीरथी कशाला गो? आता कोण ठेवतं असली नावं? शहरात जाशील, मुली हसतील. सुमन लिही. कुसुम लिही. शोभना लिही. माझ्या नातींची बघ कशी छान नावं आहेत. त्यातलं कुठलंही घे, आत्ता सही करतो."

खरं सांगते. मला सुमन आवडलं. वर्गात एक सुमन होती, तिच्या वहीवर ते नाव किती सुंदर दिसायचं. बुधी जाणार होतं. परीक्षा चुकणार नव्हती. आईलाही समजावता आलं असतं. वहिनीनं दौत-टाक आणून आण्णांपुढे ठेवला. तिला मनापासून वाटत होतं की हे असं सुटावं. मी काही वेळ तशीच उभी राहिले. फार वेळ. त्याची मला अजून लाज वाटते.

मोठ्या काकू दाराशी बसल्या होत्या. त्यांना कमी दिसायला लागलं होतं. त्या म्हणाल्या, "काय एवढं मनाला लावून घेतेस? माझं माहेरचं नाव चिमी. नऊ वर्षांची होते मी. ताटात तांदूळ पसरले, अंगठीनं नाव लिहिलं, झाले भागीरथी. मी बोलले का गो काही?"

मला हे ठाऊक नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं ज्या नावासाठी आमची नावं काढून घेतली, ते त्यांचंही नव्हतं. त्यांनाही कुणीतरी असंच, तांदळावर. त्या क्षणी मला त्यांचा राग आला नाही. पण त्यांच्यासारखं म्हातारं व्हायचं नाही, एवढं मात्र लख्ख दिसलं.

"तुम्हांला कुणी विचारलं नव्हतं, काकू," मी म्हटलं. "मला आण्णा विचारतायत. म्हणून मी नाही म्हणते."

आण्णांनी टाक खाली ठेवला.

"मग बुधीच राहा," ते म्हणाले. अजूनही न रागावता.

"नाही," मी म्हटलं. "तीही राहणार नाही."

मी वळले. मागून वहिनीनं हाक मारायला तोंड उघडलं. "अगो ए..." म्हणाली, आणि तिथंच थांबली. तिच्याकडे मला मारायला हाक उरली नव्हती. मी थांबले नाही.

त्या वर्षी माझा फॉर्म गेला नाही. वर्गातली सगळी मार्चमध्ये परीक्षेला बसली, मी डोंगरावर लाकडं गोळा करत होते. तीही दूरच्या डोंगरावर, कारण बागवाल्यांच्या डोंगरावर आईला गवत-लाकूड बंद झालं होतं. तसं कुणी येऊन सांगितलं नाही. राखणदारानं आईचा विळा काढून घेतला, एवढंच. बाप माझ्यावर चिडला. नावानं पोट भरतं का, म्हणाला. त्याचं चुकलं असं मला म्हणवत नाही. पण अर्जावर अंगठा दिला त्यानं. दोनदा दिला, पहिला पुसट आला म्हणून.

कुणीतरी सांगितलं की तालुक्याच्या कचेरीत प्रतिज्ञापत्र करता येतं, ओळखीचा एक तरी साक्षीदार आणला तर प्रतिष्ठित माणूस लागत नाही. मी वाडीतल्या भागींकडे गेले. माझ्यासकट चार, म्हणजे तिघी. एक म्हणाली, तिच्या नवऱ्याला बागेत विचारावं लागेल. दुसरीनं दार लावून घेतलं. विहिरीवरली भागी आली. बापाचा अंगठा आधीच होता, साक्षीला ती एकटीच. दोन मैलांवर तिचे पाय सुजले, तरी आली. कारकुनानं तिला नाव विचारलं. तिनं इकडेतिकडे पाहिलं, डोक्यावरून पदर नीट केला, आणि म्हणाली, "भागीरथी." मग माझ्याकडे बघून हसली. तिचे दोनच दात होते.

दुसऱ्या सकाळी तिला बागेतून काढलं. तीस वर्षं सुपाऱ्या सोलल्या होत्या तिनं. ती पुढच्या पावसाळ्यात गेली. हा हिशेब माझ्याकडे आहे आणि तो कुणी माफ करू शकत नाही.

पुढच्या वर्षी मी भागीरथी या नावानं परीक्षेला बसले आणि पास झाले. आता मुंबईत कॉलेजात आहे. हजेरीला नाव पुकारलं की मागच्या बाकांवरच्या मुली एकमेकींकडे बघतात. त्यांच्या आज्यांची नावं भागीरथी आहेत. आण्णांचं तेवढं खरं होतं. मी "हजर" म्हणते. मोठ्यानं म्हणते. प्राध्यापक वर बघतात.

पण हे त्यासाठी लिहिलं नाही.

प्रतिज्ञापत्राच्या वेळी कारकून माझा जन्म शोधायला जुनी वही काढून बसला होता. माझ्या जन्माच्या ठिकाणी फक्त 'मुलगी' असं होतं, बापाचं नाव आणि वाडी. पानं उलटताना मृत्यूंच्या पानावर मला बापाचं नाव पुन्हा दिसलं. मी बोट ठेवलं. बुधी. वय चौदा. विहिरीत पडून. आण्णांच्या घरून जे सांगितलं गेलं तेच कुणीतरी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं.

म्हणजे सरकारी कागदाप्रमाणे माझ्या आईची भागीरथी कधी मेलीच नाही. आणि जगलीही नाही.

मी ती नोंद दुरुस्त करायचा अर्ज केला. परत आला. दुसरा केला. त्यावर शेरा आला की मयत व्यक्तीस हरकत नसल्याने कारण दिसत नाही. तिसरा मी गेल्या सुटीत स्वतः नेऊन दिला. कारकून नवा होता, माझ्याच वयाचा, वाईट नव्हता. तो म्हणाला, "बाई, मेलेल्या मुलीला नाव कशाला हवंय?"

"तिला नको असेल," मी म्हटलं. "तुमच्या वहीला हवंय. त्यात खोटं लिहिलंय."

त्यानं अर्ज ठेवून घेतला. त्यालाही उत्तर आलेलं नाही.

मला पुढे काय व्हायचंय ते अजून नक्की नाही. मास्तरीण होईन, कदाचित त्याच कचेरीत कारकून होईन. पण एक नक्की आहे. त्या वहीत बुधी या शब्दावर रेघ ओढली जाईल आणि शेजारी भागीरथी लिहिलं जाईल, शिक्क्यासह. चौथ्या अर्जानं होईल किंवा चाळिसाव्या. आण्णा असोत नसोत. आई असो नसो. मी दर सुटीत त्या टेबलापुढे जाऊन उभी राहीन, आणि बस म्हटलं तरी बसणार नाही.